नाग धरायचा कुणी?

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कंपूत सात जण आहेत. पाच निवृत्त, एक अजून कुपवाड एमआयडीसीत स्वतःचे छोटे वर्कशॉप चालवतो, आणि सातवा फक्त चहापुरता येतो. विषयांना तोटा नसतो. उसाचा दर, पाणीपट्टी, कुणाचा गुडघा, कुणाची सून. श्रावण जवळ आला की मात्र एकच विषय, शिराळ्याचा नाग. कंपूतले दोघे शिराळा तालुक्यातले आणि मी त्या तालुक्यात एकोणीस वर्षे मास्तरकी केलेली, त्यामुळे आमचा आवाज जरा मोठा.

२०२५ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने शिराळ्यात नाग धरायला परवानगी दिल्याची बातमी आली, त्या दिवशी चहावाल्याने आमच्याकडून पैसे घेतले नाहीत. (तोही तिकडचाच.) पेढे निघाले. एकाने चक्क डोळे पुसले, म्हणाला, "एवढ्या वर्षांनी मिळालं बघा!" मी म्हटले, "कुणाला मिळालं?" तर म्हणाला, "शिराळ्याला!" मी म्हटले, "अहो, शिराळा नाग धरत नाही, माणूस धरतो. कुठल्या माणसाला मिळालं?" त्यावर वर्कशॉपवाले हसून म्हणाले, "सर, तुम्हाला जिथं तिथं हजेरी घ्यायची सवय लागलीय."

असेल. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही, म्हणून आज इथे सविस्तर लिहितो. ज्यांना परंपरेचा अभिमान आहे त्यांना राग येईल. ज्यांना मुक्या प्राण्यांचा कळवळा आहे त्यांनाही येईल. चालायचेच.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. बत्तीस शिराळा हे सांगली जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, मोरणा नदीच्या काठी. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे, पण गाव ओळखले जाते ते नागपंचमीसाठी. गोरक्षनाथ भिक्षेला आले, घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला, तेव्हा जिवंत नागाची पूजा करशील का असे नाथांनी तिला विचारले, अशी कथा सांगतात. महाजनांच्या घरची ती पूजा, अंबाबाईचे देऊळ, पालखी, आणि पंचमीच्या आधी कित्येक दिवस काठ्या-मडकी घेऊन रानोमाळ नाग शोधत हिंडणारी मंडळे. धरलेला नाग मडक्यात ठेवायचा, पंचमीला पुजायचा आणि मग रानात सोडून द्यायचा, अशी रीत. पुढे त्यात ट्रॅक्टर आले, कर्णे आले, कुणाचा नाग उंच फणा काढतो याच्या स्पर्धा आल्या, ढाली आल्या. २००२ साली प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि त्यानंतरच्या आदेशांनी हे सारे बंद पडले. गाव प्रतिमेची पूजा करू लागले. निवडणुका आल्या की आश्वासने मिळत, २०२४ च्या विधानसभेच्या प्रचारातही मिळाली. २०२५ ची पंचमी २९ जुलैला होती आणि २७ ते ३१ जुलै अशी पाच दिवसांची परवानगी आली. आकडा होता एकवीस. मिरवणूक नाही, स्पर्धा नाही, करमणूक नाही, पैशाचा व्यवहार नाही, नागाला इजा नाही, आणि धरलेला नाग परत निसर्गात.

आता कायद्याकडे वळू. मी वकील नाही. पण चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या माणसाला शब्द नीट वाचायची खोड असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत नुसते मारणे नाही. पकडणे, सापळा लावणे, हाकून आणणे, आमिष दाखवणे, हे सगळे शिकारच. म्हणजे हळदकुंकू वाहायला धरलेला नाग आणि बंदुकीने टिपलेले सांबर, कायद्याच्या वहीत एकाच रकान्यात. शिराळकरांना हे ऐकून वाईट वाटते (आणि का वाटू नये, त्यांच्या मनात तो देव आहे), पण लिहिलेले तसे आहे. तेव्हा शिराळ्याला जे मिळाले ते पूजेचे प्रमाणपत्र नव्हे. तो शिकारीचा परवाना आहे.

असा परवाना त्याच कायद्याच्या बाराव्या कलमाखाली मिळतो आणि तो ठराविक कामांसाठीच मिळतो. शिक्षण, शास्त्रीय संशोधन, प्राणिसंग्रहालयासाठी नमुने, सापाच्या विषापासून औषध, अशी ती कामे. पूजा हे काम त्यात नाही. पूर्वी नाग दुसऱ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने तो पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला जाऊन बसला, आणि त्या पंगतीतल्या प्राण्याला हात लावायचा तर राज्याच्या शिक्क्याने भागत नाही, दिल्लीचा लागतो. दिल्लीने तो मारला, कशावर? 'शिक्षण' या शब्दावर. स्थानिक तरुणांना नागाबद्दलचे पारंपरिक ज्ञान मिळावे म्हणून.

तरुणांना! हा शब्द मी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

आणखी एक गोष्ट वाचली. त्या बाराव्या कलमात हा परवाना 'कोणत्याही व्यक्तीला' देता येतो. कोणती व्यक्ती, ती निवडायची कशी, जागा कमी आणि इच्छुक जास्त असले तर काय करायचे, म्हातारा आधी की पोरगा आधी, याबद्दल कायदा एक अक्षर बोलत नाही. आणि जिथे कायदा गप्प बसतो तिथे गावात कोण बोलतो, हे तुम्हाला-मला सांगायला नको.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. १९८६ च्या आसपासची असेल.

माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील दुसऱ्याच्या शेतावर गडी. शेवटचा बाक, व्याकरणात कायम नापास. समास विचारला की खाली बघायचा. श्रावणाच्या आधी महिनाभर तो शाळेत दिसायचाच नाही. घरी गेलो तर आई म्हणाली, "मंडळासंगं गेलाय रानात." मला राग आला होता. एका रविवारी त्याला धरून आणायचे म्हणून मीही रानात गेलो आणि दिवसभर त्याच्या मागे हिंडत राहिलो. धरून आणायचे राहूनच गेले.

पाऊस उघडला होता. बांधाच्या ओल्या मातीवर तो एकदम थांबला, उकिडवा बसला, म्हणाला, "सर, ही वाट आज सकाळची हाय. आन् धामण न्हवं ही." मला नुसती माती दिसत होती. मग त्याने मला दाखवले. वाट कुठे रुंद होते, कुठे वळते, कुठे मातीचा कण एका बाजूला सरकलाय. ती वाट उंदरांच्या बिळांपाशी गेली. तिथे चार-पाच बिळे. त्याने एकेका बिळाच्या तोंडाशी वाकून बघितले. तीन बिळांच्या तोंडावर कोळ्याचे जाळे तसेच होते, त्यावर पावसाचे थेंब. एकाचे तुटलेले. "ह्यातनं कुणीतरी गेलंय," एवढेच म्हणाला. मी वर्गात 'निरीक्षणशक्ती' या विषयावर निबंध लिहायला सांगत असे. ती असते कशी, हे मी त्या दिवशी पाहिले.

तासाभराने त्याच बिळातून नाग निघाला. पोराने तो काठीवर तोलून अलगद बाहेर घेतला, अजिबात घाई न करता. आणि मग मंडळाचे एक मोठे कार्यकर्ते, जे तोवर बांधावर पान खात बसले होते, ते पुढे झाले. मडके त्यांनी धरले. नाग आत गेला, तोंडाला फडके बांधले आणि मडके त्यांच्या हातात राहिले ते पंचमीपर्यंत. पंचमीला ट्रॅक्टरवर तोच नाग, तेच कार्यकर्ते, गळ्यात हार. ढाल मंडळाला मिळाली, फोटो त्यांचा निघाला. माझा विद्यार्थी ट्रॅक्टरच्या मागे चालत होता, डोक्यावर रिकामी मडकी घेऊन. मी त्याला म्हटले, "अरे, नाग तू धरलास ना?" तर म्हणतो, "आमचं नाव कशाला लावतील सर, वर्गणी कुठं दिलीया आम्ही?"

हे सगळ्या मंडळांत असेच होते असे मी म्हणत नाही. पोराच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढणारे कार्यकर्तेही मी पाहिलेत. पण तेव्हा परवाना नव्हता, मोजमाप नव्हते, रान सगळ्यांचे होते आणि नाग वाटेल तेवढे. तेव्हासुद्धा मान वर्गणीच्या पावतीवर मिळत होता. आता आकडा एकवीसचा आहे. जी गोष्ट मोजून मिळते तिची किंमत वाढते आणि किंमत वाढली की तिच्याभोवती वजनदार माणसे गोळा होतात. रेशनच्या रॉकेलपासून साखर कारखान्याच्या सभासदत्वापर्यंत आपण हेच पाहत आलो. नागाचे तेवढे वेगळे होईल असे समजायला मी काही कालचा नाही.

जुन्या धरणाऱ्यांचे म्हणणे मी ऐकून घेतले आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ते म्हणतात, नाग काय पोराचे वय बघून चावत नाही. चूक झाली तर दुसरी संधी नसते. ज्याने पन्नास नाग हाताळले त्याच्याच हातात नाग द्यावा, बाकीच्यांनी लांबून बघावे. खरे आहे. अठराच्या आतल्या पोराने तर नागाजवळही जाऊ नये, या मताचा मीही आहे, आणि १९८६ साली मी माझ्या विद्यार्थ्याला तिथून उठवून घरी नेले नाही याची आज लाज वाटते. नागाच्या पुढ्यात पोर बसले होते आणि मास्तर निरीक्षणशक्तीचे कौतुक करत होता!

पण अनुभवाचा हिशेब जरा पुढे मांडून बघा. २००२ साली जो पंचवीस वर्षांचा होता, तो २०२५ मध्ये अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला. जो तेव्हा चाळीस वर्षांचा मुरलेला गडी होता तो आज माझ्यासारखा गुडघ्याला तेल लावत बसला आहे. मधली पिढी कोरी. परवाने अनुभवावर द्यायचे ठरले तर ते पन्नाशीच्या पुढच्यांनाच जाणार, आणि दहा वर्षांनी अनुभवी माणूस औषधालाही उरणार नाही. मग 'तरुणांना शिक्षण' हे कुणाला? दोरीच्या पलीकडे उभे राहून मोबाइलवर चित्रण करणाऱ्याला? काठावर बसवून पोहायला शिकवण्यासारखे आहे हे. कागद तरुणाच्या नावाने मागायचा आणि हातात नाग घ्यायची वेळ आली की "बाळांनो, मागे व्हा" म्हणायचे, याला आमच्याकडे लबाडी म्हणतात.

अनुभव आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुभवी माणूस हवाच, पण तो शिकवणारा म्हणून हवा. शिकवणाऱ्याने एका परवान्यावर एक शिकणारा उभा केला पाहिजे, नाहीतर त्या माणसाने 'शिक्षण' या कलमाखाली अर्जच करू नये.

यादीबद्दल एवढे तावातावाने लिहितोय, तर माझ्या स्वतःच्या यादीचेही सांगायला हवे. १९९३ साली मी ज्या शाळेत होतो तिथे (नाव घेत नाही) पुण्याच्या एका विज्ञान सहलीच्या दोन जागा आल्या. दोन्ही जागा संस्थेच्या संचालकांच्या घरच्या मुलांना गेल्या. नावे मला तोंडी सांगण्यात आली. यादी माझ्या अक्षरात, सही माझी. वर्गात एक मुलगी होती, विज्ञानात पहिली, घरी शेळ्या राखून शाळेत यायची. तिने मला व्हरांड्यात गाठून विचारले, "सर, यादी कशी केली?" मी म्हटले, "वरून आली." ती "बरं सर" म्हणून गेली. पुढे तिने विज्ञान सोडले. माझ्यामुळेच सोडले असे म्हणणे म्हणजे स्वतःला फार महत्त्व देणे होईल. पण "वरून आली" हे दोन शब्द मी तिला दिले, हे खरे. त्या दिवसापासून कुठलीही यादी दिसली की मी आधी विचारतो, कशी केली?

जगात हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत शिकार हा रीतसर परवान्याचा छंद आहे. हरणाचे, एल्कचे परवाने मागणीपेक्षा कमी पडतात, तेव्हा कित्येक राज्यांत सरळ सोडत काढतात. काही ठिकाणी ज्याला यंदा मिळाला नाही त्याच्या खात्यावर पुढच्या वर्षीसाठी जादा गुण जमा होतो. अनेक राज्यांत मुलांसाठी वेगळे दिवस राखलेले असतात, सोबत मोठा माणूस असलाच पाहिजे अशा अटीवर. तिथले जुने शिकारी यावरही कुरकुरतात. आम्ही वर्षानुवर्षे रांगेत, आणि कालच्या पोराला आधी? त्यांचेही चुकत नाही. म्हणूनच रांगा दोन हव्यात. पोरांची रांग म्हाताऱ्यांच्या रांगेत घुसवली की दोघेही चिडतात. वेगळी ठेवली की भांडण फक्त कुठल्या रांगेला किती, एवढ्यावर येते, आणि ते चारचौघांत सोडवता येते.

शिराळ्याला जवळचे उदाहरण मात्र इटलीतले आहे. कोकुल्लो नावाचे डोंगरातले लहान गाव. तिथे १ मे रोजी संत दोमेनिकोच्या मूर्तीला जिवंत साप वेढून मिरवणूक काढतात. साप बिनविषारी असतात, हा मोठा फरक ध्यानात ठेवायचा. तिथेही सापांना कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून साप धरणाऱ्या गावकऱ्यांना खास परवानगी लागते. गंमत पुढे आहे. धरलेला प्रत्येक साप प्राणिशास्त्राचे अभ्यासक तपासतात, लांबी घेतात, वजन करतात, नोंद ठेवतात, आणि सण झाला की साप जिथे धरला तिथेच सोडतात. गावच्या परंपरेतून शास्त्राला वर्षानुवर्षांची नोंदवही मिळाली. 'शिक्षण' म्हणतात ते हे. आपल्याकडे नोंदवही म्हटली की आधी पाहुण्यांच्या सह्या घेतात.

आपल्या देशात बघायचे तर तमिळनाडूत चला. तिथे इरुळा जमातीच्या साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ मध्ये सुरू झाली. पिढ्यानपिढ्या कातड्यासाठी साप धरणारी ही माणसे, कायद्याने धंदा बसला तेव्हा उपाशी पडायची वेळ आली होती. त्यांना सरकारने मोजून साप धरायचा परवाना दिला. साप धरायचा, काही दिवस ठेवायचा, विष काढायचे, सोडून द्यायचा. त्या विषापासून सर्पदंशावरचे औषध तयार होते. परवाना कुणाला? ज्याच्या हातात विद्या आहे त्याला.

आणि आपल्याकडे? आमच्या लहानपणी दारात येणारा गारुडी आठवा. त्याचा खेळ बंद झाला, व्हायलाच हवा होता, नागाचे दात उपटून त्याला टोपलीत उपाशी ठेवणे हे काही पुण्यकर्म नव्हते. पण त्याला बारावे कलम कुणी वाचून दाखवले? 'शिक्षण' हा शब्द त्याच्यासाठी का नव्हता? पारध्यांची तर आणखी वेगळी कथा. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये गेला तरी शिक्का गेला नाही. वन्यजीव कायदा आल्यानंतरही १९९१ च्या दुरुस्तीपर्यंत काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने पैसे भरून मिळू शकत होते. म्हणजे बंदूकवाल्या साहेबाला परवाना होता आणि फासा टाकून तितर धरणाऱ्या पारध्याला कोठडी. आजही पिकात घुसणाऱ्या रानडुकराला मारायची परवानगी शेतकऱ्याला मिळते म्हणतात, पण ती वापरायची तर परवान्याची बंदूक लागते. ती दोन एकरवाल्याच्या घरात असते की वाड्यावर, हे गावात कुणालाही विचारा.

म्हणून माझे म्हणणे असे. पुन्हा परवानगी येईल तेव्हा अर्ज उघड मागवावेत, शिराळ्याबरोबर भोवतालच्या वाड्यांतूनही. निम्म्या जागा अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींना. हो, मुलींनाही. गोरक्षनाथांच्या कथेत नागाची पूजा करणारी बाईच होती, मग मडके धरायला तिची नात का नको? उरलेल्या निम्म्या जागा जाणत्यांना, आणि प्रत्येक जाणत्याच्या जोडीला एक शिकाऊ. ज्यांच्या घराण्यात सापाची विद्या होती आणि जी कायद्याने मोडली, त्या गारुडी, वैदू, पारधी घरांसाठी त्यातूनच दोन-तीन जागा बाजूला काढाव्यात. इच्छुक जास्त झाले तर चावडीवर, सगळ्यांसमोर, शाळेतल्या पहिलीच्या पोराच्या हाताने चिठ्ठ्या काढाव्यात. ज्याला यंदा मिळाले त्याने पुढची तीन वर्षे अर्ज करू नये. नावे फळ्यावर लागावीत, आणि त्याच फळ्यावर पुढे लिहावे की कुणी कुठला नाग कुठे धरला, किती लांबीचा, कधी आणि कुठे सोडला.

एक स्नेही म्हणाले, "चिठ्ठीनं नाग धरायचा? उद्या घाबरट माणसाचं नाव निघालं तर?" निघू दे. त्याला आधी शिकवा, शिकला नाही तर पुढची चिठ्ठी. मंडळाच्या अध्यक्षाच्या भाच्याचे नाव निघाले तर तो घाबरट नसेल याची खात्री कोण देतो?

प्राणिमित्रांचा आक्षेप राहिला. ते म्हणतात, वाटपाचा प्रश्नच येत नाही, कुणालाच देऊ नये. नाग दूध पीत नाही, पुंगीवर डोलत नाही, मडक्यात त्याचे हाल होतात, त्याला माणसाची पूजा कळत नाही. यातले प्रत्येक वाक्य मी वर्गात मुलांना सांगितले आहे. ट्रॅक्टर आणि कर्णे परत येणार असतील तर परवाना उद्या रद्द करा, मी पेढे वाटीन. पण "मुळातच वाईट आहे, मग कुणाला का मिळेना" असे म्हणून या लोकांनी वाटपाकडे पाठ फिरवली, की यादी कोण करतो? ज्याला कर्णे हवे असतात तोच करतो. दारू वाईट म्हणून दारूच्या दुकानाच्या परवान्याचा लिलाव अंधारात करावा, असे कुणी म्हणत नाही.

आणि शिक्षणाची गरज खोटी नाही हो. सर्पदंशाने देशात वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे मरतात असा अंदाज २००० ते २०१९ या काळाच्या अभ्यासातून निघाला आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली. माझा एक विद्यार्थी, चोवीस वर्षांचा, रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला गेला आणि मण्यार चावून गेला. मण्यारीच्या दंशाला फारसे दुखत नाही, सूजही येत नाही. त्याला वाटले काटा लागला. झोपला. पहाटे पापण्या मिटायला लागल्या तेव्हा आधी देवळात नेला, मग दवाखान्यात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चार नावे मीच त्याला पाठ करायला लावली होती, परीक्षेत त्याने ती बरोबर लिहिलीही असतील. पाठ असून उपयोग झाला नाही. वाळवा-शिराळ्यात रात्री बॅटरी घेऊन सरीत उतरणारी पोरे आजही तितकीच आहेत. मंत्रालयाने ज्या शब्दावर शिक्का मारला तो शब्द त्या पोरांच्या कामाचा आहे. एकवीसातली निम्मी जरी असली पोरे झाली, त्यांनी नीट माणसाच्या हाताखाली चार साप ओळखले, दंश झाल्यावर पहिल्या तासात काय करायचे ते शिकून वस्तीवर जाऊन सांगितले, तर मी त्या मडक्याला स्वतः हळदकुंकू लावीन. माझा देवावर फारसा विश्वास नसताना.

असो. लेख इथेच संपवणार होतो, पण गेल्या आठवड्यात एक फोन आला तो सांगतो.

तोच, १९८६ चा, नववीतला. आता पंचावन्नाच्या घरात. टेम्पो चालवत होता, आता मुलगा चालवतो. तब्येतीची चौकशी झाली, पावसाची झाली. मग म्हणाला, "सर, तुमची वळख हाय का कुठं वरती? पुढच्या बारीला पोराचं नाव घालायचं व्हतं त्या नागाच्या यादीत. पोरगं चांगलं हाय. वाट वळखतंय." मी विचारले, "आणि तू रे? तू नाही अर्ज करत?" तर हसला. "माझं गुडघं गेल्यात सर. पोराचं तेवढं बघा."

वरती माझी ओळख आहे. माझ्याच हाताखाली शिकलेला एक जण चांगल्या खुर्चीवर आहे, मला अजून वाकून नमस्कार करतो. एक फोन केला तर कदाचित काम होईलही. आणि त्या यादीत जाण्याचा हक्क या पोराइतका फार थोड्यांचा असेल, हे मला माझ्या डोळ्यांनी पाहून माहीत आहे.

"बघतो," म्हणालो. नंबर कागदावर लिहून चष्म्याच्या घराखाली ठेवलाय. रोज सकाळी चष्मा घेताना दिसतो.